बनियन, स्कार्फ आणि माझा डावा पाय

"पायाला बनियन झालाय," असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी नवऱ्याकडे पाहिलं आणि त्याने नकळत शर्टाची कॉलर सारखी केली. मराठी माणसाला बनियन माहीत तो अंगात घालायचा. पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी आतल्या बाजूला टेंगूळ येतं आणि अंगठा शेजारच्या बोटाकडे कलू लागतो, त्यालाही बनियनच म्हणतात, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. कागदोपत्री त्याचं नाव हॅलक्स व्हॅल्गस. आमच्या घरात मात्र त्याला "आईचा पाय" म्हणायची पद्धत होती. आईच्या दोन्ही पायांना ते होतं. तिने आपल्या कॅनव्हासच्या बुटांना नेमक्या जागी कात्रीने गोल भोकं पाडली होती आणि डॉक्टरकडे ती कधीच गेली नाही. माझा पाय तसा दिसायला लागला तेव्हा मलाही वाटलं, वारशात आलंय, राहू दे.

सगळं झाल्यावर हे लिहितेय, कारण त्या दीड-दोन वर्षांत मला सांगणारे दोनच प्रकारचे लोक भेटले. "अजिबात कापून घेऊ नकोस" म्हणणारे आणि "एकदाचं करून टाक" म्हणणारे. माझा पाय बघायला दोघांनाही वेळ नव्हता.

जानेवारी २०२३ पासून डावा पाय बोलायला लागला. मी शिक्षिका आहे, दिवसातले पाच-सहा तास उभी असते. आधी फक्त बूट काढल्यावर टेंगूळ लाल आणि गरम लागायचं. मग चवड्याखाली, दुसऱ्या बोटाच्या बुडाशी, खडा टोचावा तसं व्हायला लागलं. बूट झटकून बघायचे, खडा नसायचाच. तिथली कातडी जाड होऊन घट्टा झाला होता.

फेब्रुवारीत नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी रक्त तपासायला सांगितलं. युरिक ॲसिड, साखर आणि संधिवाताच्या चाचण्या. अंगठ्याचं मूळ अचानक सुजून लाल झालं, रात्री पांघरूणही सहन होईना, तर तो गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणारा सांध्याचा आजार, असू शकतो आणि त्याचा उपचार अगदी वेगळा, म्हणून. माझे रिपोर्ट ठीक आले. मधुमेह असेल तर पायाची कुठलीही जखम हा वेगळाच विषय होतो, हेही त्यांनी तेव्हाच बजावलं. मग अस्थिरोगतज्ज्ञांच्या नावाने चिठ्ठी दिली.

तिथली वेळ मिळायला तीन आठवडे लागले. वेळ वाचवावा म्हणून मी आधीच एक्स-रे काढून घेतला होता आणि तो वाया गेला. एक्स-रे काढणाऱ्याने मला टेबलावर आडवं पाडून पायाचा फोटो काढला. सर्जनने तो दिव्यासमोर धरला, पाच सेकंदांत खाली ठेवला आणि म्हणाले, "हा झोपलेला पाय आहे. मला उभा पाय हवा." अंगाचं वजन पायावर असतं तेव्हा हाडं पसरतात आणि खरा कोन दिसतो. आडव्या फोटोत तो कमी भरतो. दुसऱ्यांदा पैसे भरले, दुसऱ्यांदा रांगेत बसले. तेव्हा चिठ्ठीवर "दोन्ही पाय, वजन देऊन, उभ्याने" असं लिहून घ्या आणि आत गेल्यावर तोंडानेही सांगा.

उभ्या फोटोत जे दिसलं त्याने माझी समजूत पार उलटी झाली. मला वाटायचं तिथे नवीन हाड उगवलंय, ते तासून टाकलं की झालं. तसं नसतं. अंगठ्यामागे पावलात एक लांब हाड असतं. ते आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाच्या दिशेने सरकतं आणि त्याच वेळी अंगठा उलट दिशेला, करंगळीकडे कलतो. दोघांच्या मधला सांधा कोपरासारखा बाहेर येतो, तेच टेंगूळ. वर बूट घासून तिथली कातडीखालची द्रवाची छोटी पिशवी सुजते, ती वेगळी. सर्जनने पट्टी आणि पेन्सिल घेऊन माझ्यासमोर कोन मोजले. अंगठा आणि त्यामागचं लांब हाड यांच्यातला कोन साधारण १५ अंशांपर्यंत चालतो. माझा डावा २८, उजवा ३४. पहिल्या आणि दुसऱ्या लांब हाडांमधला कोन ९ च्या आत असावा. डावा १३, उजवा १४.

म्हणजे जास्त वाकडा होता तो उजवा, न दुखणारा.

मी विचारलं, मग आधी उजव्याचं करायचं का? ते म्हणाले, "उजवा दुखतो का?" नाही. "मग त्याचं काय करायचं?" मला उत्तर देता आलं नाही. न दुखणाऱ्या वाकड्या पायाचं ऑपरेशन करून सरळ आणि दुखणारा पाय पदरी पडू शकतो, हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मी ते घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. सहा महिने बिनऑपरेशनचे उपाय करा, मग भेटू, एवढं बोलून त्यांनी मला वाटेला लावलं. जाताना म्हणाले, "डायरी ठेवा. कोन मी मोजतो, बाकीचं तुम्ही मोजा."

त्या सहा महिन्यांत काय उपयोगी पडलं आणि काय नाही, ते माझ्या पायापुरतं सांगते.

सगळ्यात जास्त फरक बुटांनी पडला. कोऱ्या कागदावर उभं राहायचं, पेन्सिल सरळ धरून पावलाची बाह्यरेषा काढायची आणि त्यावर आपला बूट ठेवायचा. माझा रोजचा बूट माझ्या पायापेक्षा पुढच्या बाजूला दोन्हीकडून बोटभर अरुंद निघाला. इतकी वर्षं मी पाय घडी घालून बुटात ठेवत होते. नवे बूट घेताना संध्याकाळी गेले, तोवर पाय थोडा सुजलेला असतो. पुढचा भाग रुंद आणि खोल, टाच कमी, सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी मोकळी जागा, टेंगळावर शिवण नाही, तळ सहज न मुडपणारा. दुकानातली बाई म्हणाली, "घालून घालून सैल होतील." त्या वाक्यावर मी आयुष्यात बरेच बूट घेतलेत. या वेळी नाही घेतले.

अंगठा आणि दुसऱ्या बोटात ठेवायची सिलिकॉनची चकती बरी वाटली, घासणं कमी झालं. चवड्याखालच्या खड्यासाठी बुटात घालायचा सोल करून घेतला, त्यात दुसऱ्या बोटाच्या हाडामागे छोटा उंचवटा होता. त्याने पहिले दोन महिने खूप आराम पडला, नंतर थोडा कमी. रात्री बांधायची पट्टी मी हौसेने आणली. बांधलेली असेपर्यंत अंगठा आज्ञाधारक मुलासारखा सरळ, सकाळी सोडली की अर्ध्या तासात पुन्हा जागेवर. मोठ्या माणसाचं वाकडं झालेलं हाड अशा पट्टीने कायमचं सरळ होत नाही, हे सर्जनने आधीच सांगितलं होतं. मला स्वतः पैसे घालवून खात्री करून घ्यायची होती, घेतली. फिजिओथेरपीत पोटरीचा ताण, तळपायाची कमान उचलून धरायचा व्यायाम आणि अंगठा हाताने हलवून सांधा मोकळा ठेवणं होतं. त्याने चाल सुधारली, कोन तोच राहिला.

डायरीत मी चार रकाने आखले होते: किती वेळ उभी, कुठले बूट, दुखणं दहापैकी किती आणि काय टाळलं. चौथा रकाना मी उगाच घातला होता. पहिले दोन महिने तो जवळजवळ कोरा आहे. जूनमध्ये "जिना टाळला, लिफ्ट". जुलैत "वर्गात बसून शिकवलं". ऑगस्टमध्ये आठवड्यातून तीन-चार नोंदी आणि त्यात एक, "लेकीबरोबर फिरायला गेले नाही, डोकं दुखतंय म्हणाले". दुखण्याचा आकडा मात्र सहा महिने चार-पाचच्या आसपासच. कारण दुखेल ते सगळं मी सोडत गेले होते! हे मला स्वतःला दिसलंच नव्हतं. सप्टेंबरमध्ये सर्जनने वही चाळली, तिसऱ्या रकान्यावरून नजर फिरवली आणि चौथ्यावर बोट ठेवून एकेक ओळ वाचत बसले. दुसरं बोटही आता मधल्या सांध्यात वाकून वर यायला लागलं होतं. "आता डाव्याचा विचार करू," म्हणाले. "विचार करू" म्हणाले, "ऑपरेशन करू" नाही. माझ्यावर सोडलं.

ऑक्टोबरमध्ये मी दुसरं मत घेतलं. दुसरे सर्जन म्हणाले, दोन्ही पाय एकाच वेळी करून टाकू, एकदाच काय तो त्रास. आठवडाभर मला तेच पटत होतं. मग नवऱ्याने विचारलं, "दोन्ही पाय बांधलेले असताना तू रात्री बाथरूमला कशी जाणार?" तो बाकी काही बोलला नाही. सर्जननी दिलेल्या सगळ्या माहितीपेक्षा हा प्रश्न जड निघाला. तरी दुसऱ्या मताचा फायदा झाला, कारण तिथे विचारायचे प्रश्न मी आधी लिहून नेले होते. कुठली पद्धत आणि तीच का? वजन कधी टाकता येईल? अंगठा आधीइतका वाकेल का? पुन्हा वाकडा होण्याची शक्यता किती? आणि काहीच केलं नाही तर पुढच्या पाच वर्षांत काय? शेवटच्या प्रश्नाला दोघांचंही उत्तर जवळपास एकच होतं: बहुधा हळूहळू वाढेल, पण किती वेगाने ते कुणी सांगू शकत नाही आणि वाट पाहिली म्हणून ऑपरेशन लगेच हातचं जात नाही.

धोक्यांची यादीही दोघांनी दिली. जंतुसंसर्ग, अंगठ्याच्या कडेला बधिरपणा, सांधा आखडणं, हाड न जुळणं, क्वचित हाडाच्या टोकाचा रक्तपुरवठा बिघडणं, पायाच्या शिरेत गुठळी, शेजारच्या बोटांखाली नवीन दुखणं आणि वाकडेपणा परत येणं. मी ती फ्रिजवर चिकटवली आणि दोन आठवडे रोज वाचली. भीती गेली नाही, पण ओळखीची झाली.

शेवटी फक्त डाव्याचं करायचं ठरवलं. पद्धत ठरली ती स्कार्फ आणि एकिन. बनियनवर स्कार्फ, म्हणजे पोशाख पूर्ण! हे स्कार्फ गळ्यातलं नव्हे. दोन लाकडं तिरकी कापून एकमेकांत बसवायच्या सुतारकामातल्या जोडाला इंग्रजीत तो शब्द आहे. लांब हाडाला आडव्या झेडसारखा काप देतात, खालचा अर्धा भाग सरकवून जागेवर आणतात आणि दोन छोट्या स्क्रूंनी पक्का करतात. एकिनमध्ये अंगठ्याच्या हाडातून पातळ पाचर काढून तो सरळ करतात. हे स्क्रू त्रास दिला नाही तर कायम आत राहतात. ज्यांचा कोन फार मोठा असतो किंवा लांब हाडाच्या मागचा सांधाच ढिला असतो, त्यांना तो सांधा जोडून टाकायची लॅपिडस नावाची पद्धत सुचवतात. शेजारच्या बिछान्यावरच्या मावशींचं किंवा ऑफिसातल्या कुणाचं ऑपरेशन आणि आपलं एकच असेल, असं धरून चालू नका.

तारीख शाळेच्या मोठ्या सुट्टीला लागून घेतली, सोमवार, २९ एप्रिल २०२४. मधल्या सहा महिन्यांत पाय काही फार बिघडला नाही. विम्याचे कागद मात्र एप्रिलमध्येच करावे लागले, कारण पूर्वमंजुरीला मुदत असते, माझी पंधरा दिवसांची होती. अर्ज गेला आणि चौथ्या दिवशी कंपनीचा प्रश्न आला: ही शस्त्रक्रिया सौंदर्यासाठी आहे काय? मला हसावं की रडावं कळेना. मग सर्जनचं पत्र, कोन लिहिलेला उभ्याने काढलेला एक्स-रे, फिजिओथेरपीच्या पावत्या, सोलचं बिल आणि डायरीच्या प्रती असा गठ्ठा पाठवला. तीन दिवसांत मंजुरी आली. सहा महिने इतर उपाय करून झाले, याचा कागदी पुरावा नसता तर बहुधा अडकलं असतं. त्यामुळे पावती कितीही किरकोळ असो, ठेवा. मंजुरीतही ऑपरेशननंतरचा खास बूट, फिजिओथेरपी आणि काही किरकोळ साहित्य वगळलेलं होतं. हॉस्पिटलच्या अंदाजपत्रकात स्क्रू धरलेत की वेगळे, हे आधीच विचारा. माझ्या पत्रकात ते वेगळे होते, शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात.

ऑपरेशनच्या सकाळी सहा तास काही खाल्लेलं नव्हतं, दोन तास पाणीही नाही. ऑपरेशनच्या पायावर खुणेचा बाण काढायला खोलीत एक मुलगा मार्कर घेऊन आला. त्याने पांघरूण बाजूला केलं, दोन्ही पाय पाहिले आणि सरळ उजव्याकडे वळला. "हाच ना?" चूक त्याची नव्हती, बघणारा कुणीही हेच म्हणाला असता. मी इतक्या जोरात "डावा!" ओरडले की बाहेरून सिस्टर आली. तिने फाईल उघडली, संमतीपत्रावरचा "डावा" शब्द बोटाने दाखवला, मला नाव आणि पाय दोन्ही पुन्हा विचारलं, मग बाण निघाला. नंतर आत जाईपर्यंत तोच प्रश्न आणखी तीन जणांनी विचारला. एरवी मी वैतागले असते. त्या दिवशी प्रत्येकाला आनंदाने उत्तर दिलं.

घोट्याजवळ इंजेक्शनं देऊन पाऊल बधिर केलं आणि हलकी गुंगी दिली. तासाभराचं काम. संध्याकाळी पाय फुगीर पांढऱ्या बोचक्यासारखा होता आणि अजिबात दुखत नव्हता. इथेच मी फसले. दुखत नाही म्हणून रात्रीची गोळी पुढे ढकलली. पहाटे तीनला बधिरपणा उतरला आणि तेव्हा कळलं की गोळी बधिरपणा उतरायच्या आधी घ्यायची असते. त्या दोन तासांत मी मनात सगळ्यांना शिव्या दिल्या, "एकदाचं करून टाक" म्हणणाऱ्यांना जरा जास्त.

दुसऱ्या दिवशी घरी आले. पहिले दोन आठवडे पाय छातीपेक्षा वर, उशांचा डोंगर करून. खाली सोडला की पाच मिनिटांत जांभळा पडून ठणकायचा. चालायचं फक्त गरजेपुरतं, कडक तळाचा बूट घालून, वजन टाचेवर. हा बूट एका बाजूची उंची वाढवतो, त्यामुळे दुसऱ्या पायात जाड तळाचं काहीतरी घाला, नाहीतर कंबर धरते. माझी धरली. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. अंघोळीला पायाला प्लॅस्टिकची पिशवी आणि प्लॅस्टिकचं स्टूल. पिशवी एकदा गळली, पट्टी ओली झाली आणि बदलायला हॉस्पिटलात पळावं लागलं. त्यानंतर दोन पिशव्या.

१३ मे रोजी टाके काढले. पाय पहिल्यांदा पाहिला आणि मला रडू आलं, वेदनेने नाही. पिवळट, सोललेला, सुजलेला, पण अंगठा सरळ. कुणा परक्याचा पाय आणून लावल्यासारखा. त्या दिवसापासून अंगठा हाताने वर-खाली वाकवायचा व्यायाम सुरू झाला, दिवसातून चारदा. हा व्यायाम नको वाटतो, कापलेलं हाड आपणच हलवतोय अशी भीती वाटते. मी पहिला आठवडा चुकवाचुकवी केली आणि त्याची किंमत पुढे आखडलेल्या सांध्याने वसूल केली.

१० जूनला सहा आठवड्यांचा एक्स-रे. हाड जुळत होतं, खास बूट सुटला, रुंद मऊ बूट आले. शाळा सुरू झाली तेव्हा मी पहिले पंधरा दिवस बसून शिकवलं. मुख्याध्यापकांना आधीच लेखी अर्ज आणि सर्जनचं पत्र दिलं होतं. तोंडी सांगितलेलं दुसऱ्या आठवड्यात सगळे विसरतात. जुलैअखेर सूज सकाळी नसायची, संध्याकाळी यायची. "तीन महिन्यांत ठणठणीत" असं मला कुणीतरी सांगितलं होतं. माझी सूज पूर्ण जायला जवळजवळ दहा महिने लागले आणि सर्जन म्हणाले, हे सर्वसामान्यच आहे.

आता मे २०२५. डाव्या अंगठ्याच्या आतल्या कडेला नाण्याएवढा भाग अजून बधिर आहे. अंगठा आधीपेक्षा थोडा कमी वाकतो, चवड्यांवर उंच होऊन फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहिता येत नाही, मुलांना लिहायला लावते. चवड्याखालचा खडा गेला. टोकदार बूट मी घालत नाही आणि घालावेसे वाटत नाहीत.

गेल्या रविवारी कपाट आवरताना २०२३ चा तो कागद सापडला. त्यावरच उभी राहिले आणि लेकीने लाल पेनाने दोन्ही पावलांची रेषा पुन्हा काढली. डाव्याची लाल रेषा जुन्या पेन्सिलीच्या चांगली आत आली. उजव्याची जवळपास तिथल्या तिथे, एका जागी बहुतेक केसभर बाहेर. ती म्हणाली, "आई, हा दुखतो का?" मी म्हटलं नाही. तरी वहीत उजव्यासाठी नवीन पान काढलंय, या वेळी एकाच रकान्याचं.